काचकागद

प्रिय बंडू,

दोन वर्षं पत्र नाही म्हणून शिव्या घालायच्या असतील तर आत्ताच घालून घे, पुढचं वाचल्यावर तुला सवड मिळणार नाही. तब्येत ठीक. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला, दुसरा रांगेत आहे. आता मुद्द्याचं.

आजोबांचं रिव्हॉल्व्हर सापडलं.

तेच. ट्रंकेत, कोटाच्या खाली, त्याच पिवळ्या फलालीनच्या तुकड्यात. पहिले चार महिने नुसते कायदेशीर सोपस्कारांत गेले. ते रिकामं आहे हेही बंदुकांच्या कारागिराकडून पाहून घेतलं, मी स्वतः हात लावला नाही. (हसू नकोस. बाराव्या वर्षी जी अक्कल नव्हती ती साठीला आली.) मग आत्या म्हणाली, वाटणीच्या यादीत घालायचं तर किंमत कळायला हवी. म्हणून जुनी हत्यारं पाहण्यात हयात घालवलेले एक गृहस्थ गाठले. सगळे गोल करून बसलो. काकासुद्धा.

त्यांनी आधी मूठ नाही, नाव नाही, चक्र पाहिलं. आठवतं ना, एवढ्याशा नळीला एवढं लांबडं चक्र कशाला म्हणून आपण डोकं खाजवायचो? त्या लांबीतच सगळी ओळख होती. आत जायचं ते पेन्सिलीच्या तुकड्यासारखं बारीक, लांब काडतूस, ५.७५ मिलिमीटरचं. पॅरिसच्या गालां नावाच्या बंदूकवाल्यानं १८९४ मध्ये काढलेलं. हेच रिव्हॉल्व्हर पुढच्या काळातल्या ६.३५ च्या ब्राउनिंग काडतुसाचं असतं तर चक्र आखूड असतं आणि वय १९०५ च्या अलीकडचं ठरलं असतं. चाप घडी होऊन पोटाशी जातो, भोवती कडं नाही, घोडा आत झाकलेला. कारण खिशातून काढताना कुठे अडकू नये. आणि हे सगळं कुणासाठी, तर सायकलवाल्यांसाठी! मागे लागणाऱ्या कुत्र्यांना पिटाळायला. नावच वेलोडॉग. वेलो म्हणजे सायकल, पुढचं तुला येतं. ज्यांना कुत्रं मारायचं जिवावर येई त्यांच्यासाठी गोळीऐवजी तिखटाची पूड भरलेली काडतुसंही मिळायची म्हणे.

बंडू, तीन दरोडेखोर! ओट्यावर बसून, घोंगडी पांघरून, किती वेळा ऐकले आपण ते तीन दरोडेखोर. ते चार पायांचे होते रे. आणि आजोबा समोरून कुत्रं आलं की रस्ता का ओलांडायचे, हे मला परवा कळलं. पोटमाळ्यावर उलटी टांगलेली त्यांची सायकल रोज दिसायची, पण दोन गोष्टी जोडायला साठ वर्षं लागली. मी खो खो हसलो. आत्या रुसली.

इथपर्यंत ठीक होतं. मग त्यांनी भिंग लावलं.

त्यांचं म्हणणं, वस्तू बेल्जियममधल्या लिएजची. तिथे घरोघर, छोट्या छोट्या कारखान्यांत अशी हजारो बनायची, पुष्कळांवर बनवणाऱ्याचं नावच नसायचं. भरवसा ठेवायचा तो सरकारी चाचणीच्या शिक्क्यावर. लंबगोलात ई, एल, जी ही अक्षरं. १८९३ पासून त्याच्यावर मुकुट आला. १९२२ पासून वर्षागणिक एक अक्षरही ठोकायला लागले, म्हणजे ते असेल तर वर्षच हातात येतं. आपल्यावर ई आणि एल दिसतात. जी अर्धा. मुकुटाच्या जागी गुळगुळीत पोलाद. वर्षाचं अक्षर मुळात नव्हतं की गेलं, ते आता देवालाही सांगता यायचं नाही.

"कुणीतरी घासलंय," ते म्हणाले. "निकेलचा मुलामा पार खाली उतरवलाय. खालून गंजानं खड्डे पाडलेत." मग किमतीचं गणित सांगितलं. बिननावाच्या हत्याराची किंमत मूळचा मुलामा किती शिल्लक आहे, शिक्के वाचता येतात का आणि यंत्र बिनबोभाट चालतं का यावर ठरते. विकणारे मागतात ते आकडे धरायचे नाहीत, लिलावात खरोखर विकलं गेलं ते धरायचं. यंत्र ठणठणीत आहे. बाकी दोन्ही गेलं. जो आकडा सांगणार होते त्याच्या निम्म्यालाही ते आले नाहीत. "गंजलेलं, मळकट तसंच ठेवलं असतं तर बरं होतं. चकाकी आणायला गेलेल्यानं वाट लावली."

माझ्या पोटात गोळा आला. तुझ्याही आला असेल.

भांडण परत उकरायचं नाही, पण मी ब्रासोनंच पुसू म्हणत होतो. "त्यानं काय होतंय" असं म्हणून काकाच्या पंक्चरच्या डब्यातला काचकागद तू आणलास. घासलं मी, कबूल. शिक्क्यावर तूच जास्त जोर दिलास, हेही कबूल कर. आणि ते चकचकीत झाल्यावर आपण एकमेकांना सलाम ठोकला होता!

डब्यात अर्धा काचकागद उरला होता. त्यावरून आजोबांनी काकाला धरलं. तो अठरा वर्षांचा. त्या थपडेचा आवाज आपण दोघांनी जिन्याखालून ऐकला आणि तिथेच बसून राहिलो. तू माझा हात धरला होतास की मी तुझा, आठवत नाही.

तर परवा आत्या पटकन म्हणाली, "ह्याचेच उद्योग! तेव्हाही बाबांनी ठोकला होता." सगळे हसले. काकाकडे पाहवेना. मला वाटलं आता तरी उसळेल, पूर्वी उसळायचा तसा. तो चष्मा पुसत होता. पुसता पुसता म्हणाला, "मीच असेन. लहान होतो, अक्कल नव्हती."

अठ्ठेचाळीस वर्षं ऐकून ऐकून त्याला खरंच वाटायला लागलंय रे. मला त्यानंतर घास गेला नाही. किंमत गेली तर गेली, आत्या दोन दिवस चिडेल. पण त्याला सांगावं तर कोणत्या तोंडानं? न सांगावं तर रात्री दोन वाजता जाग येते. बायकोला सांगितलं, ती म्हणाली इतक्या जुन्या गोष्टीचं काय. तिनं ती थप्पड ऐकलेली नाही.

धाकटीचं लग्न ठरल्याचं कळलं, फार बरं वाटलं. गुडघ्याचं ऑपरेशन लांबवू नकोस. वहिनींना नमस्कार.

येत्या रविवारी काका जेवायला आहे. त्या दिवशी सांगणार आहे. काचकागद कुणी आणला तेही सांगणार. तुझं नाव घेऊ नये असं वाटत असेल तर शनिवारपर्यंत फोन कर. वाटत नसेल तर स्वतःच ये. सायकलवरून येऊ नकोस म्हणजे झालं.

तुझाच,
जिन्याखालचा