काट्याचे पासिंग आणि आमची भांडणे

ऐरोली, नवी मुंबई

तीर्थरूप आई-बाबांस,

साष्टांग नमस्कार.

एकाच कंपनीचे मीठ खाणारी तुम्ही माणसे, मग विक्री आणि मार्केटिंग यांच्यात एवढी भांडणे कशाची, असे बाबांनी रविवारी फोनवर विचारले. तेव्हा मला नीट सांगता आले नाही, म्हणून हे पत्र.

आम्ही इलेक्ट्रॉनिक वजनकाटे विकतो. जाहिराती करून, प्रदर्शनांत स्टॉल लावून चौकशा मिळवणे हे माझ्या विभागाचे काम आणि त्यांतून ऑर्डर आणणे हे विक्रीचे. भांडण नेमके या सांध्यावर होते. स्टॉलवर कार्ड ठेवून गेलेला प्रत्येक जण आमच्या लेखी लीड, म्हणजे होऊ शकणारे गिऱ्हाईक असतो. विक्रीच्या लोकांना मात्र ज्याला काटा खरोखर हवा आहे आणि ज्याच्या शब्दावर पैसे सुटतात, असाच माणूस हवा असतो. महिनाअखेरीस टार्गेट हुकले की ते म्हणतात, लीड कच्च्या होत्या. आम्ही म्हणतो, तुम्ही फोनच केले नाहीत. बहुतेक वेळा दोन्ही खरे असते. फिलिप कॉटलर, नील रॅकहॅम आणि सुज कृष्णस्वामी यांनी २००६ साली 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू' या व्यवस्थापनविषयक नियतकालिकात याच तंट्यावर लेख लिहिला आणि त्याची दोन मुळे दाखवली: एक पैशाच्या वाटणीचे, दुसरे स्वभावाचे. माझ्या मते तिसरेही आहे. आम्ही त्यांच्याबरोबर बाजारात जात नाही.

गेल्या महिन्यात मी गेले. आमच्या सर्वांत जुन्या विक्री प्रतिनिधींबरोबर तुर्भ्याच्या मसाला मार्केटात एका गाळ्यावर बसले होते. समोरच्या काट्याची ताटली हळदीने पिवळी झाली होती. काटा किती अचूक आहे हे सांगणारे, मी तीन आठवडे खपून केलेले माहितीपत्रक शेटजींनी उघडलेसुद्धा नाही. त्यांनी एवढेच विचारले, "पासिंग कोण करून देणार?" इलेक्ट्रॉनिक काट्याची दर वर्षी वैधमापनशास्त्र विभागाकडून फेरपडताळणी करून शिक्का मारून घ्यावा लागतो, यालाच बाजारात पासिंग म्हणतात, आणि त्यासाठी धंदा खोळंबतो ही त्यांची खरी अडचण होती. आमच्या प्रतिनिधींच्या खिशातल्या वहीत कोणत्या गाळ्याचे पासिंग कोणत्या महिन्यात संपते याची नोंद होती, कारण जुना काटा दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा हे व्यापारी त्याच सुमारास ठरवतो. मी मात्र चार वर्षे जाहिरातीचा सगळा खर्च दिवाळीच्या तोंडावर करत आले. ती वही मी कधी मागितली नव्हती, याचे मला फार वाईट वाटले.

आता दर सोमवारी आम्ही एकत्र बसतो. लीड कशाला म्हणायचे हे दोन्ही विभागांनी मिळून लिहून काढले आहे. पासिंगचा महिना विचारल्याशिवाय आम्ही नाव पुढे देत नाही आणि विक्रीचे लोक नाव परत करताना कारण लिहितात. कुरबुरी चालूच आहेत, पण त्या आता एकाच कागदावर होतात.

बाबा, तुम्ही ठाण्यात रंग विकत असताना रात्री दुकानवार नोंदी करत होतात आणि आई, तू त्या सुवाच्य अक्षरात उतरवून देत होतीस. हेड ऑफिसात त्या कोणी वाचत नाही, असे बाबा म्हणत. त्या वह्या अजून माळ्यावर असतील तर कृपा करून रद्दीत देऊ नका. गणपतीला घरी आले की मला त्या तुमच्याजवळ बसून वाचायच्या आहेत.

तुमची,
ताई