टॅनच्या ग्राफमधली ती उभी रेघ

संपादक साहेब, नमस्कार.

मी घरी बारावीच्या मुलांना गणित शिकवते. मागच्या आठवड्यात एका मुलीने त्रिकोणमितीतल्या टॅनचा ग्राफ काढताना नव्वद अंशावर खालपासून वरपर्यंत पेनाने ठळक उभी रेघ ओढली. हे काय गं म्हटलं तर म्हणाली, मॅडम गाईडमध्ये तसंच आहे. बघितलं तर खरंच, कॉम्प्युटरवर काढलेला ग्राफ जसाच्या तसा छापलेला.

ती रेघ टॅनची नाहीच हो! मी स्वतः ग्राफ काढायला 'जे' वापरते, एपीएल ही जुनी प्रोग्रॅमिंगची भाषा करणारे केनेथ आयव्हर्सन आणि रॉजर हुई यांनी १९९० च्या सुमारास केलेली प्रोग्रॅमिंगचीच भाषा. तिच्यात लूप बीप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करायला सांगणारा कोड, लिहावं लागत नाही, आकड्यांची अख्खी रांग द्यायची की उत्तरांची रांग मिळते, फार सुंदर काम आहे. पण ग्राफ काढताना कॉम्प्युटरच्या हातात फक्त तेवढी टिंबं असतात आणि तो शेजारशेजारची टिंबं सरळ रेघेने जोडत सुटतो. ०.१ रेडियनच्या पायरीने गेलं की १.५ ला टॅन येतो १४.१ आणि लगेच १.६ ला उणे ३४.२, मधे नव्वद अंशाला, म्हणजे सुमारे १.५७०८ रेडियनला, टॅनला किंमतच नाही, तरी हा दोन्ही जोडून मोकळा. बरं पायरी बारीक करून भागत नाही, ०.०१ घेतली तर १.५७ लाच टॅन १२५५ च्या वर जातो, मग ती रेघ अजूनच ताठ उभी राहते आणि बाकीचा ग्राफ चपटा होऊन जातो.

साइनचं तर त्याहून फसवं. शून्य ते २π रेडियन (पूर्ण एक फेरा) याचे १०० सारखे भाग करून साइन १०० एक्स काढा, शंभर लाटा यायला हव्यात तर येते सपाट रेघ, कारण प्रत्येक टिंब नेमकं शून्यावर पडतं. पहिल्यांदा मी अर्धा तास प्रोग्रॅममध्ये चूक शोधत होते. १०१ एक्स घेतलं तर एकच लाट, हुबेहूब साध्या साइनची, आणि ती इतकी छान दिसते की कुणाला शंकाही येणार नाही. इथे मात्र टिंबं भरपूर वाढवली की खऱ्या लाटा दिसतात.

म्हणून गाईड छापणाऱ्यांना कळकळीची विनंती, टॅनचा ग्राफ नव्वद अंशावर तोडा, तिथे काही दाखवायचंच असेल तर तुटक रेघ द्या. आणि शिक्षकांनी एकदा तरी न जोडलेल्या नुसत्या टिंबांचा ग्राफ वर्गात दाखवावा. त्या मुलीला मी तोच दाखवला, तिने लगेच खोडरबर मागितला, पण रेघ पेनाची होती.

एक गणित शिक्षिका, सातारा