छपराखालचं घर

मिनियापोलिस,
9 जानेवारी 2011

प्रिय बंड्या,

छप्पर फाटल्याची चित्रफीत पाहून तू विचारलंस, "हे तुमचंच मैदान का रे?" हो, आमचंच. आमच्या अमेरिकन फुटबॉल संघाचं, व्हायकिंग्जचं मेट्रोडोम.

त्या छपराला खांब असा नव्हताच. टेफ्लॉन चढवलेलं फायबरग्लासचं कापड आतल्या हवेच्या दाबावर तरंगायचं. त्यासाठी पंखे सतत हवा भरत असायचे. सामना संपवून बाहेर पडताना ती हवा पाठीत धक्का द्यायची. धाकटीला पहिल्यांदा नेलं तेव्हा दारातच तिची टोपी उडाली होती. मागच्या महिन्यात सतरा इंच बर्फ पडला आणि 12 डिसेंबरच्या पहाटे ते कापड लोंबत लोंबत टरकन फाटलं. पिठाची गोणी फुटावी तसा बर्फ मैदानावर कोसळला. त्या दुपारी तिथेच जायंट्स संघाशी सामना ठरला होता, पण वादळामुळे तो आदल्याच दिवशी पुढे ढकलला होता! शेवटी तो दुसऱ्या दिवशी डेट्रॉइटला खेळवला. आम्ही हरलो आणि आमचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून चढाई चालवणारा) ब्रेट फार्व, त्याची 1992 पासून चाललेली, सलग 297 सामने सुरुवातीपासून खेळण्याची मालिका तिथेच तुटली. खांदाच चालेना त्याचा.

हंगाम तसाही हातातून गेला होता. गेल्या वर्षी सोळापैकी बारा जिंकून सुपर बोलच्या, म्हणजे अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्याच्या, उंबरठ्यावरून परतलो, यंदा फक्त सहा. नोव्हेंबरमध्ये प्रशिक्षकही गेला.

पण 20 डिसेंबरची रात्र मी विसरणार नाही. बेअर्सविरुद्धचा सामना विद्यापीठाच्या उघड्या मैदानावर झाला. तिथला बर्फ उपसायला शेकडो माणसं फावडी घेऊन राबली. मी शेजारच्या आजोबांबरोबर गेलो होतो. बरोबर 29 वर्षांपूर्वी, 20 डिसेंबर 1981 ला, जुन्या मेट्रोपॉलिटन स्टेडियमवरचा शेवटचा सामना त्यांनी पाहिला होता. त्या दिवशी लोकांनी आठवण म्हणून खुर्च्या उचकटून नेल्या. आजोबांच्या गॅरेजात एक फळी अजून आहे. (तू सुटकेस घेतलीस तो मॉल ऑफ अमेरिका त्याच जागेवर उभा आहे.)

फार्व खेळणार नाही असं सगळे धरून चालले होते, तर 41 वर्षांचा तो गडी उतरला आणि पहिल्याच चढाईत टचडाउनचा, म्हणजे थेट गुण मिळवून देणारा, पास! मी आजोबांना मिठीच मारली. मग दुसऱ्या सत्रात त्याला आपटलं. डोकं गोठलेल्या जमिनीवर आदळलं आणि तो तसाच पडून राहिला. हजारो माणसं, पण चिटपाखरू नसल्यासारखी शांतता. आजोबांनी हातमोजा काढून तोंडावर हात धरला. आम्ही 40-14 हरलो, पण शेवटच्या शिट्टीपर्यंत दोघं जागेवरून हललो नाही.

आता भीती वेगळीच आहे. 2011 चा हंगाम संपला की डोमचा करार संपतो. नव्या स्टेडियमला पैसे कुणी द्यायचे यावर घोळ चालू आहे आणि संघ लॉस एंजेलिसला जाईल अशी कुजबुज आहे. या गावाने बास्केटबॉलचा लेकर्स संघ तिकडेच गमावला, 1993 मध्ये हॉकीचा नॉर्थ स्टार्स संघ डॅलसला गेला. आजोबांनी दोन्ही वेळा हे सोसलंय. तिसऱ्यांदा त्यांच्या नशिबी हे येऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

तू सप्टेंबरात ये. मैदान कुठलंही असो, तिकीट मी काढून ठेवतो. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
बाळ्या