ऊठ आणि खा

चि. बाबूस,
प्रभूमध्ये सप्रेम सलाम आणि अनेक आशीर्वाद.

परवा ताईचा फोन आला तेव्हा कळले की लेंतकाळाचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाचे, चाळीस दिवस तू सूर्यास्तानंतर एकदाच जेवण्याचा नेम धरला आहेस आणि बुधवारी व शुक्रवारी तर निव्वळ पाण्यावर राहतोस. हे तू आम्हांला स्वतः सांगितले नाहीस याचे तुझ्या आईला वाईट वाटले. मला मात्र तुझ्या नेमाविषयी या पत्रात काही लिहायचे नाही, कारण नाताळात आपल्यात जे बोलणे झाले त्यानंतर माझे प्रत्येक वाक्य तुला आडकाठीचे वाटेल अशी भीती मनात आहे.

म्हणून आधी आनंदाचे लिहितो. तू पहाटे उठून पवित्रशास्त्र वाचतोस, शनिवारच्या गटात सोबत्यांपुढे आपल्या आठवड्याचा हिशेब मोकळेपणाने देतोस, पगाराचा दशांश हातात येताच बाजूला काढतोस आणि रविवारी दुपारी इस्पितळातल्या बेवारस रुग्णांजवळ जाऊन बसतोस, हे सगळे मी पाळकसाहेबांना उपासनेनंतर सांगितले. सांगताना माझा आवाज भरून आला. येशूच्या मागे जाणे ही दररोज वधस्तंभ उचलण्याची गोष्ट आहे असे लूकने आपल्या शुभवर्तमानात लिहून ठेवले आहे, आणि त्यातला ‘दररोज’ हा शब्द माझ्या मुलाने मनावर घेतला याहून मोठे सुख मला ठाऊक नाही.

पण आपल्या घरातला विश्वास रविवारपुरता आहे, असे तू नाताळात म्हणालास, ते मनातून जात नाही. आजीचे शास्त्र तू उघडून पाहिले आहेस का? ते कपाटात वरच्या फळीवर, नानांच्या कागदांखाली आहे. स्तोत्रसंहितेच्या पानांना तिच्या हाताच्या तेलाचे डाग आहेत आणि समासात पेन्सिलीने बारीक अक्षरांत नावे लिहिली आहेत: वाड्यातल्या बायकांची, दवाखान्यात भेटलेल्या अनोळखी माणसांची, मुंबईला गेलेल्या आणि पत्र न पाठवणाऱ्या कोणाकोणाच्या मुलांची. प्रार्थनेचे उत्तर मिळाले की ती नावापुढे तारीख घालीत असे. पुष्कळ नावांपुढे तारीख नाही, आणि ती नावे ती शेवटच्या आजारातही घेत होती. भाकरी थापताना, डाळ निवडताना तिचे ओठ हलत असत. तुझेही नाव तिथे आहे, ९१व्या स्तोत्राच्या बाजूला. तुला कावीळ झाली होती त्या वर्षीचे.

त्या कावीळीविषयीच मला लिहायचे नव्हते. तू तेव्हा बारावीत होतास, म्हणून तुला फक्त परीक्षा बुडाल्याचे आठवते. मला तुझे पिवळे डोळे आठवतात आणि पेजेचा एकेक चमचा घेऊन रात्रभर बसलेली तुझी आई आठवते. यकृत नाजूक राहील, फार वेळ उपाशी राहू देऊ नका, असे डॉक्टरांनी बजावले होते. तू तिशीला आलास म्हणून ते सांगणे रद्द झाले असे मला वाटत नाही.

उपवास शास्त्रात आहे आणि प्रभूनेही तो केला, हे तू मला शिकवायला नको. पण जुन्या करारातला १ राजे, १९वा अध्याय पुन्हा एकदा सावकाश वाच. एलीया संदेष्टा रानात झुडपाखाली पडून मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई त्याच्या उशाशी होती. ‘ऊठ आणि खा’ एवढेच त्याला सांगण्यात आले. तो जेवला, पुन्हा निजला, आणि देवदूताने त्याला पुन्हा उठवून दुसऱ्यांदा जेवू घातले, कारण पुढची वाट त्याच्या शक्तीपलीकडची होती. होरेब डोंगरापर्यंतचे चाळीस दिवस आणि चाळीस रात्री त्या दोन जेवणांनंतर आल्या. याईराच्या मेलेल्या मुलीला उठवल्यावर प्रभूने तिला काहीतरी खायला द्या असे सांगितले. तिबिर्याच्या समुद्रकाठी पेत्राला ‘तू माझ्यावर प्रेम करतोस काय’ असे विचारण्याआधी त्याने शिष्यांसाठी मासळी आणि भाकर तयार ठेवली होती. आणि यशया संदेष्ट्याच्या ५८व्या अध्यायात देवाला आवडणारा उपवास कोणता ते सांगताना आपली भाकर भुकेल्याला वाटून देण्याची गोष्ट आहे. तू रविवारी इस्पितळात जातोस तो हाच उपवास आहे, आणि तो करायला अंगात ताकद लागते.

हे प्रवचन झाले, मला क्षमा कर. तू मोठा झाला आहेस आणि शास्त्र माझ्यापेक्षा अधिक वाचतोस.

नगरहून पुण्याला जाताना दौंड सोडल्यावर केडगाव लागते. तू लहान असताना तिथे गाडी आली की मी तुला खिडकीशी उभा करून पंडिता रमाबाईंचे सांगत असे. दुष्काळात सापडलेल्या मुलींना त्यांनी तिथे आणले, १९०५ मध्ये तिथे प्रार्थनेतून मोठी आध्यात्मिक जागृती झाली, आणि त्याच आवारात शेती, विणकाम, छपाई अशी पोटाची कामेही चालत राहिली. पवित्रशास्त्राचे मराठी भाषांतर करण्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि १९२२ मध्ये देवाघरी जाईपर्यंत ते काम हातात धरून बसल्या. देवाच्या जवळ जाणे म्हटले की मला त्यांचे ते वर्षानुवर्षे चाललेले काम दिसते. आपल्या नगरच्या रेव्हरंड ना. वा. टिळकांचेही, त्या कवीचेही, तसेच. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० मध्ये. मधली वर्षे ताटातुटीची, सोवळ्याओवळ्याची आणि फार दुःखाची होती, पण त्यांनी बाईंवर सक्ती केली नाही, आणि बाई आपल्या पावलांनी आल्या. टिळकांचे अभंग आपण उपासनेत गातो तेव्हा मी नेहमी त्या वाट पाहण्याचा विचार करतो. तू स्वतःच्या जिवावर अशी सक्ती का करतोस, हे मला समजत नाही. देव एका लेंतकाळात गाठायचा आहे, अशी घाई तुला कोणी लावली आहे का?

मी तुला मागे ओढत नाही. उद्या तू नोकरी सोडून पूर्णवेळ सेवेत जातो म्हणालास तर तुझी आई रडेल आणि मी तिची समजूत घालीन. मात्र बुधवार-शुक्रवारचा पाण्यावरचा उपवास थांबव, या आठवड्यात यकृताची रक्ततपासणी करून घे आणि अहवाल ताईकडे पाठव, तिला तो वाचता येतो. आणि एक गोष्ट मला प्रामाणिकपणे कळव: तुमच्या गटात सगळे तुझ्याच वयाचे आहेत की तुला वडीलकीने ‘आता पुरे, जेवून घे’ असे सांगू शकेल आणि तू ज्याचे ऐकशील असे कोणी आहे? असेल तर त्यांचा नंबर दे. मी त्यांच्याशी वाद घालणार नाही, फक्त तुझ्या कावीळीचे सांगेन.

तुझे,
पपा