आईला निवांत बसता येईल असा किनारा

हॅम्बुर्ग, दि. 9 जानेवारी

तीर्थरूप अण्णा व आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेची तयारी सुरू झाली असेल आणि पुढे आठवडाभर घरात पाहुण्यांची ये-जा राहील, म्हणून त्याआधीच हे पत्र पाठवते आहे. मे अखेरीस तुम्ही सगळे इकडे आलात की आठ दिवस समुद्रकाठी राहायचे, हे ठरलेच आहे. कोणता समुद्र, एवढेच ठरायचे आहे. रविवारी फोनवर सगळे एकदम बोलत होते आणि माझे म्हणणे अर्धेच राहिले, तेव्हा ते इथे सविस्तर लिहिते.

दादाला इटली किंवा स्पेनचा किनारा हवा आहे, कारण तिथले पाणी उबदार असते. त्याचे म्हणणे खोटे नाही, पण सोलापूरच्या 42-43 अंशांतून निघून पुन्हा उन्हातच जायचे आणि त्यासाठी अण्णांना आणखी एक विमानप्रवास घडवायचा, हे मला पटत नाही. जर्मनीलाच दोन समुद्र आहेत. आमच्यापासून पश्चिमेला उत्तर समुद्र आणि पूर्वेला बाल्टिक.

उत्तर समुद्राचा किनारा पाहण्यासारखा आहे, यात शंका नाही. उन्हाळ्यात चंद्रभागेचे वाळवंट उघडे पडते, तसा तिथे समुद्राचा तळ दिवसातून दोनदा उघडा पडतो. पाणी कित्येक किलोमीटर मागे सरते आणि चिखलाचे सपाट मैदान क्षितिजापर्यंत दिसू लागते. नेदरलँड, जर्मनी आणि डेन्मार्क या तीन देशांच्या काठाने पसरलेल्या या दलदलीच्या पट्ट्याची युनेस्कोने 2009 मध्ये जागतिक वारसा म्हणून नोंद केली; त्यातला डेन्मार्कचा भाग 2014 मध्ये जोडला गेला. उत्तर ध्रुवाकडून आफ्रिकेकडे जाणारे पक्षी चरायला इथेच उतरतात. परंतु गेल्या वर्षी आम्ही भरतीचे वेळापत्रक न पाहता याच किनाऱ्यावरच्या ब्यूसुमला गेलो आणि पोहोचलो तेव्हा नुकतीच ओहोटी लागली होती. पाणी परत येऊ लागेपर्यंत सहा तास गेले आणि मनू कंटाळून रडकुंडीला आली. भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे सगळा दिवस तिच्या हिशेबाने आखावा लागतो. शिवाय त्या मैदानात जाणकार वाटाड्याशिवाय दूर जाणे धोक्याचे असते, कारण भरतीचे पाणी आधी माणसाच्या पाठीमागच्या ओहळांत शिरते आणि परतीची वाट बंद होते.

इथे मला आपली गणपतीपुळ्याची सहल आठवते. दर्शन झाल्यावर आपण वाळूत उतरलो, आणि तिथल्या पाण्याची ओढ वाईट आहे, खोल जाऊ नका, असे सगळे बजावत होते. आई, तू दोन तास आम्हा दोघांचे हात धरून लाटांकडे पाठ करून उभी होतीस. घरी परतल्यावर शेजारच्या काकूंनी समुद्र कसा होता म्हणून विचारले, तेव्हा तुला काही सांगता आले नाही. मला तेव्हा ते कळले नव्हते. आता मनूला घेऊन पाण्याजवळ उभी राहते तेव्हा कळते. या खेपेला तू बसून समुद्र पाहावास, एवढ्यासाठी मी बाल्टिकचा आग्रह धरते आहे.

हा समुद्र डेन्मार्कजवळच्या अरुंद सामुद्रधुन्यांतूनच मोठ्या समुद्राला जोडलेला आहे, त्यामुळे भरती-ओहोटी त्याच्यापर्यंत जवळजवळ पोहोचतच नाही. सकाळी पाणी जिथे असते तिथेच संध्याकाळी सापडते. अनेक नद्या त्यात गोडे पाणी आणून सोडत असल्यामुळे जिथे जायचे म्हणते आहे तिथे खारटपणाही मोठ्या समुद्राच्या चौथ्या हिश्शाइतकाच आहे. वारा सुटला की लाटा उठतात आणि मुलांकडे लक्ष द्यावेच लागते, पण ते काम मी, दादा आणि वहिनी वाटून घेऊ. तू वेताच्या खुर्चीत बस. या खुर्चीला तिन्ही बाजूंनी आडोसा आणि वर छत असते. 1882 साली याच किनाऱ्यावरच्या रोस्टॉक गावातल्या विल्हेल्म बार्टेलमान नावाच्या टोपल्या विणणाऱ्या कारागिराने ती पहिल्यांदा केली, तीही संधिवाताने त्रासलेल्या एका बाईंना वारा न लागता समुद्राकाठी बसता यावे म्हणून. तुझ्या गुडघ्यांसाठी याहून योग्य आसन मला सुचत नाही.

बाल्टिकच्या काठी गावे पुष्कळ आहेत. माझ्या मनात रुगेन आहे. जर्मनीचे हे सर्वांत मोठे बेट पुलाने जमिनीला जोडलेले आहे, त्यामुळे हॅम्बुर्गहून रेल्वेने चार तासांच्या आसपास पोहोचता येते. बिन्झ या गावी राहावे, असे वाटते. तिथला समुद्राकाठचा रस्ता सपाट आहे आणि पायऱ्या चढाव्या लागत नाहीत.

अण्णा, रुगेन निवडण्याचे दुसरे कारण तुम्ही आहात. पुटबुसपासून बिन्झ, झेलिन करत ग्योरेनपर्यंत सुमारे 24 किलोमीटर तिथे अजून कोळशाच्या इंजिनाची छोटी गाडी रोज धावते. तिच्या रुळांतले अंतर 750 मिलिमीटर आहे. 1897 साली सुरू झालेल्या आपल्या बार्शी लाईट रेल्वेचे 762 होते, म्हणजे जेमतेम बोटभराचा फरक. कुर्डुवाडीला गाडी बदलून आजोबांबरोबर पंढरपूरला जाताना डोळ्यांत कोळशाची कुसळे जायची, ही तुमची गोष्ट आम्ही किती वेळा ऐकली आहे! ती लाईन रुंद झाल्यावर तुम्ही हळहळला होता. नातवंडांना तुमच्या शेजारी त्या डब्यात बसवायचे आहे.

बेटाच्या ईशान्येला खडूचे पांढरेशुभ्र कडे सरळ समुद्रात उतरतात. त्यांतला क्योनिगश्टूल 118 मीटर उंच आहे आणि 2023 मध्ये तिथे बांधलेल्या झुलत्या मार्गावर पायऱ्या नाहीत, त्यामुळे आईलाही जाता येईल. कडे ढासळत असल्यामुळे खालून चालायचा बेत मात्र करायचा नाही. मे महिन्यात तिथल्या शेतांत मोहरीच्या जातीचे पीक फुललेले असते. मैलोन्‌मैल पिवळे रान पाहून अण्णांना आपली करडई आठवेल.

एक उणीव मोकळेपणाने सांगते. मे अखेरीस पाणी फार गार असते, पोहणे होणार नाही. पण जूनच्या मध्यात दादाच्या मुलांच्या शाळा उघडतात आणि आईला आषाढीच्या आत परतायचे आहे, त्यामुळे उशिरा येण्याचा मार्गच नाही.

हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेले घर भाड्याने घेऊ. शेंगाचटणी आणि कडक भाकरी भरपूर आणा. तूप, पेढे आणि इतर दुधाचे पदार्थ मात्र नकोत, युरोपात ते सामानातून आणू देत नाहीत. वारा बोचरा असतो, तेव्हा दोन चादरी नक्की घ्या. व्हिसासाठी राहण्याच्या जागेचे आरक्षण आणि निदान 30,000 युरोंचा प्रवास विमा दाखवावा लागतो, म्हणून गड्डा संपताच सगळ्यांच्या पासपोर्टच्या प्रती दादाने पाठवाव्यात. बिन्झमधले तळमजल्यावरचे एक घर मी पाहून ठेवले आहे; तुमचा होकार आला की त्याच दिवशी आगाऊ रक्कम भरते.

मुलांना आशीर्वाद, वहिनीला नमस्कार. कळावे, ही विनंती.

आपली,
वैशाली