मूनलाइटिंगची आठवण

महोदय,
ब्रूस विलिसच्या आजारपणाची बातमी आली, की त्याच्या हाणामारीच्या सिनेमांचीच उजळणी होते. मला मात्र आधी आठवतो तो ‘मूनलाइटिंग’ (१९८५-८९) मालिकेतला वाह्यात डेव्हिड ॲडिसन. हिशेबनिसाने लुबाडल्याने कफल्लक झालेली मॉडेल मॅडी (सिबिल शेफर्ड) तोट्यातली डिटेक्टिव्ह एजन्सी बंद करायला येते आणि हा बोलबच्चन तिला त्याच धंद्यात अडकवतो. गुन्हेगार कोण, याची फिकीर कोणाला होती? दारं आपटत, एकमेकांची वाक्यं तोडत चाललेली दोघांची जुगलबंदी हेच खरं प्रकरण! फोन उचलताच यमकं जुळवणारी रिसेप्शनिस्ट ॲग्नेस तर लाजवाब. कृष्णधवल स्वप्नांच्या भागाची प्रस्तावना विख्यात दिग्दर्शक-अभिनेता ऑर्सन वेल्सने केली होती. प्रक्षेपणाच्या काही दिवस आधीच तो गेला.

डेव्हिड आणि मॅडी प्रेमात एकत्र आल्यावर मालिका घसरली, असं म्हणतात. मला हे अर्धसत्य वाटतं. पटकथा वेळेवर येत नसत, नवे भाग रखडत. प्रेक्षक तरी किती थांबणार? अमेरिकेत २०२३ मध्ये ती स्ट्रीमिंगवर आली. आपल्याकडे कोणी मराठी उपशीर्षकांसह दाखवेल का?

– एक वाचक, डोंबिवली