कुपवाडच्या एका शॉपफ्लोअरवरून, सरांना

आदरणीय सर,

सा. न. वि. वि.

आम्हाला अंतर्गत ऑडिट शिकवलंत, त्याचे आभार मानायला हे पत्र. नाव छापलेलं तुम्हाला खपणार नाही, म्हणून नुसतं 'सर'. कुपवाड एमआयडीसीत ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच.

तुम्ही यायच्या आधी आमच्याकडे ऑडिट म्हणजे दिवाळीची साफसफाई होती. बाहेरचा ऑडिटर येणार म्हटलं की आठवडाभर रात्री जागून रजिस्टरं भरायची, जमिनीवरचे पिवळे पट्टे नव्याने ओढायचे आणि रिजेक्शनचा ढीग शेडच्या मागे ताडपत्रीखाली. अंतर्गत ऑडिट तर कागदावरच व्हायचं. चेकलिस्टवर 'होय, होय, होय', खाली सही. आयएसओ 9001 या गुणवत्ता मानकाच्या 9.2 या कलमाखाली ठरावीक काळाने ते करावंच लागतं, म्हणून करायचं.

निवृत्तीनंतर घरी आराम करायचा सोडून तुम्ही सुट्टीच्या दिवशी आम्हा चौघांना शिकवायला येत राहिलात. मानधनाचा विषय मालकांनी काढला की तुम्ही चहा मागवायचात. पहिल्या दिवशी वाटलं होतं की आता कलमं पाठ करून घेणार. तुम्ही आम्हाला डिस्पॅचला नेलंत, पॅक झालेला एक व्हॉल्व्ह बॉडी उचललात आणि म्हणालात, "हा कुठून आला ते उलटं शोधत जा." जॉबकार्ड, मशीन, इन्स्पेक्शन रिपोर्ट, हीट नंबर (धातूच्या एका वितळणीचा क्रमांक), कास्टिंगचं चलन, शेवटी परचेस ऑर्डर. दुपारपर्यंत आम्ही स्टोअरलाही पोचलो नव्हतो, कारण मधल्या एका कार्डावर हीट नंबरच नव्हता.

पण खरे आभार त्या प्लग गेजचे, म्हणजे भोकात घालून त्याचं माप तपासायच्या साधनाचे. बोअर (भोक) लहान येतोय, बुश (त्यात बसवायची नळी) बसत नाही, अशी गिऱ्हाइकाची तक्रार पुन्हापुन्हा येत होती. दर वेळी सेकंड शिफ्टच्या ऑपरेटरला मेमो, आणि 'ऑपरेटरला समज दिली' असं लिहून तक्रार बंद. कॅलिब्रेशनचं, म्हणजे मोजमापाच्या साधनांच्या तपासणीचं, रजिस्टर तर चोख होतं. तुम्ही रजिस्टर बाजूला ठेवलंत, मशीनपाशी गेलात आणि त्या पोराला म्हणालात, "बाळा, तू कशानं मोजतोस ते दे बघू." त्याने ड्रॉवरमधून गेज काढलं. त्याच्यावर नंबरच नव्हता. 'गो'ची बाजू, म्हणजे बरोबर मापाच्या बोअरमध्ये जायला हवी ती, वापरून वापरून घासली होती, त्यामुळे लहान बोअरमध्येही ती सुळकन जायची. पोरगा इमानदारीने मोजत होता आणि गेज त्याला 'पास' सांगत होतं.

तिथे दुसरा कुणी असता तर नवं गेज आणून मोकळा झाला असता. तुम्ही विचारलंत, हे इथं आलं कसं? तेव्हा कळलं की सेकंड शिफ्टला गेज कमी पडतं म्हणून कधीतरी ते सांगलीतून काउंटरवर घेतलं होतं. बिल पडलं किरकोळ खर्चात, त्यामुळे क्वालिटीला पत्ताच नाही आणि रजिस्टरात नोंद नाही. रजिस्टर खोटं नव्हतं, फक्त त्यात जे गेज होतं ते त्या मशीनवर नव्हतं. आता कुठलंही मोजमापाचं साधन आलं की क्वालिटीचा नंबर कोरल्याशिवाय स्टोअर जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, करत नाही. ती तक्रार परत आलेली नाही, आणि त्या पोराचे मेमो मालकांनी स्वतः फाडले.

एनसी, म्हणजे ऑडिटमध्ये नियमाशी न जुळलेल्या गोष्टीची नोंद, लिहायलाही तुम्हीच शिकवलंत. नियम काय, दिसलं काय, फरक कुठे. बस. 'निष्काळजीपणा' हा शब्द आमच्या एका ड्राफ्टमध्ये होता, तो तुम्ही इतका गिरवून खोडलात की कागद फाटला. माणसाचं नाव लिहायचं नाही, मशीन नंबर लिहायचा. त्यामुळेच असेल, आता मी क्लिपबोर्ड घेऊन गेले तरी कुणी ड्रॉवर बंद करत नाही. मागे तर एका फिटर काकांनी मलाच हाक मारली, "ताई, हे पण लिहा तुमच्या त्यात," आणि गळका कूलंट पंप दाखवला.

आमच्या अकाउंट्सवाल्यांचं म्हणणं होतं की अंतर्गत लेखापरीक्षण कंपनी कायद्याच्या कलम 138 खाली येतं, आणि खासगी कंपनीला ते लागू व्हायला 200 कोटींची उलाढाल किंवा बँकांचं 100 कोटींपेक्षा जास्त कर्ज लागतं, मग आपल्याला कशाला? ते हिशेबाचं ऑडिट, हे कामाचं, एवढंच सांगून तुम्ही त्यांना सोबत स्टॉक मोजायला घेऊन गेलात. 'बिन कार्डा'वर, म्हणजे रॅकच्या साठ्याच्या कार्डावर, लिहिलेले इन्सर्ट (कटिंग टूलची पाती) आणि रॅकमधले इन्सर्ट यांचा मेळ बसेना, तेव्हापासून ते आमच्या टीममध्ये आहेत.

पुढच्या महिन्यात मेंटेनन्सचं ऑडिट आहे. आपलं काम आपण तपासायचं नाही हा तुमचा नियम पाळून मी आणि स्टोअरचा मुलगा जाणार आहोत, आणि या वेळी सेकंड शिफ्टलाच जाणार. चेकलिस्ट सोबत जोडली आहे. लाल पेनाने काय खोडायचं ते खोडा, आणि वहिनींना नमस्कार सांगा.

आपली,
क्वालिटीतली विद्यार्थिनी